ताटावर बसलेला पाव्हणा

कुठल्याही आश्रमात, वसतिगृहात, दवाखान्यात गेले की मी आधी टॉवेल बघते. भिंतीचा रंग, दारातली रांगोळी, कुंड्यांतली झाडं हे सगळं तपासणीवाले येणार असं कळल्यावर आदल्या दिवशी करता येतं. टॉवेलाचं तसं नाही. एकदा नाकाशी नेला की कळतं, इथं माणसं एकाच टॉवेलानं एकामागोमाग पुसून काढतात की प्रत्येकाला आपापला आहे, आणि असला तर तो उन्हात जातो की दाराच्या मागे आंबत पडतो. ही खोड मला नांदेडच्या एका दवाखान्यात आयाचं काम करताना लागली. आता पाहुण्यांच्या घरी गेले तरी सुटत नाही. लेक म्हणते, आई, तुला घेऊन कुठं जायची सोय राहिली नाही.

सध्या मी लातूरबाहेर रेणापूरच्या रस्त्याला एका लहानशा घरात कामाला आहे. बुद्धीनं लहान राहिलेली, अंगानं मोठी झालेली बारा-तेरा माणसं तिथं राहतात. कागदावर त्याला लांबलचक नाव आहे. रिक्षावाल्याला मात्र ‘येड्यांचं घर’ असंच सांगावं लागतं, नाहीतर तो भलतीकडेच नेऊन सोडतो. पहिल्या वर्षी मी प्रत्येक रिक्षावाल्याशी भांडायचे. आता भांडत नाही. गुडघे दुखत असतात, घरी लवकर पोचलेलं बरं वाटतं.

घर काढलं ते उदगीरच्या अप्पांनी. अप्पांचं आडतीचं दुकान होतं, ते आता मुलगे बघतात. सकाळी पूजा झाल्याशिवाय ते चहा घेत नाहीत, आणि कपाळावरची विभूती संध्याकाळपर्यंत पुसली जात नाही. त्यांची एकुलती एक मुलगी चाळिशीला आली, तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही आणि फिट येतात. आपल्यामागं हिचं काय, या एका धास्तीतून त्यांनी ही जागा घेतली, चार खोल्या बांधल्या, पुढं पत्र्याचं शेड टाकलं. मग आणखी कुणाकुणाची धास्ती तिथं येऊन राहायला लागली. माझं पद म्हणाल तर ‘गृहमाता’. राहणारे सगळे मला मावशी म्हणतात, ज्यांना बोलता येतं ते.

या कामाबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, तुम्ही लई पुण्याचं काम करायलात. दोन, आम्हाला बाई हे जमायचं नाही. दोन्ही ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. पुण्याचं काम असतं तर पाठ एवढी दुखली नसती. सकाळी नळाचं पाणी असेल त्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी, नसेल त्या दिवशी अंग पुसणं. कुणाचे दात घासायचे तर तो बोट चावतो. कुणाची पाळी आली तर तिला दर महिन्याला नव्यानं समजावायचं, की काही लागलेलं नाही, तू मरणार नाहीस. नखं, केस, कानातला मळ. गोळ्या. मग पुन्हा तेच. काम कठीण नाही हो, ते संपत नाही एवढंच. आणि त्यात कुणी घाई केली की ती घाई लगेच अंगावर दिसते, कुठं ओरखडा, कुठं खरूज, कुठं नुसतं भेदरलेलं तोंड.

तो आमच्याकडे आला पोळ्याच्या सुमाराला. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक मोठं आश्रमगृह बंद पडलं, तिथली माणसं इकडेतिकडे वाटली गेली, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. पस्तिशीचा असेल. गोरा, गुबगुबीत, केस चापून बसवलेले. लहानपणापासून तो तिथंच वाढला होता. त्याची आई शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते, रोजानं कामाला जाते. तीच त्याला एसटीनं घेऊन आली. हातात एक पिशवी, पिशवीत दोन शर्ट आणि एक टॉवेल. मी टॉवेल हुंगला. कोरा होता, दुकानाचा वास येत होता. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी पंगत बसली. तो सतरंजीवर मांडी घालून ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. पुढ्यात भाकरी, तुरीचं वरण, चुक्याची भाजी. बाकीचे जेवून उठले. हा तसाच बसलेला. ‘जेव की’ म्हटलं, तर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटाकडे. लग्नात मानाचा पाव्हणा आग्रहाची वाट बघत बसतो, तसा. आमच्या स्वयंपाकाच्या खाला म्हणाल्या, ‘हा तर पाव्हणाच आला जी आपल्याकडं.’ तेव्हापासून तो पाव्हणाच झाला. आम्ही दोघी हसलो होतो त्या दिवशी.

संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. नवीन जागा आहे, रुळेल, असं मी म्हणत राहिले. मी घास करून त्याच्या तोंडाशी नेला तर त्यानं ओठ घट्ट मिटले. त्याचा हात धरून भाकरीकडे नेला तर त्यानं तो झटकन ओढून काखेत दाबून धरला. ते हात काखेत दाबणं मला नीट आठवतं, कारण तेव्हा मला त्याचा राग आला होता. एवढं तोंडाशी न्यायचं आणि वर यानं नखरे करायचे.

चहा मात्र तो घ्यायचा. चहात बुडवून बिस्किटं खायचा, दूध प्यायचा. आणि बाहेरच्या कुणाचं जेवण असलं की पोटभर जेवायचा. हे बाहेरचं जेवण म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी जेवण द्यायला येतं. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाच्या लेकराचा पहिला वाढदिवस, कुणी निवडून आलं म्हणून, कुणी पडूनही लोकांत राहायचं म्हणून. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, बुंदी नाहीतर जिलेबी. त्या दिवशी पाव्हणा सगळ्यांबरोबर हात चालवायचा, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीपुढं पुन्हा ताठ.

त्यावरून आम्ही जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. याला गोडाची चटक लागली आहे. मोठ्या संस्थेत रोज श्राद्ध नाहीतर वाढदिवस, याला भाकरी कुठून आवडणार? मग खालांनी त्याच्यासाठी शिरा केला. तूप सोडून, वेलची घालून. शिऱ्यापुढंही तो तसाच बसला. मग गुलाबजाम आणून ठेवले. गुलाबजामवर माशा बसल्या, हा हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिला. खालांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मेरे हाथ का नको बोलता क्या की हा,’ म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, खाला, तुमच्या हातचं खाऊन मी दोन मापं जाड झाले, त्याचं काय घेऊन बसलात. पण त्यांच्या मनाला ते लागलं होतं.

गणपती गेले, दसरा जवळ आला. पाव्हण्याच्या पायजम्याची नाडी मी रोज बांधायचे, आणि रोज ती थोडी जास्त ओढावी लागायची. गालांची हाडं वर आली. सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, काही निघालं नाही. डॉक्टर चांगले होते, घाईत होते. म्हणाले, मनाचं असेल, पण असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ते तुमच्याकडं जमणार नाही.

अप्पा घाबरले. त्यांचं घाबरणं मला कळत होतं. शेडमध्ये खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘बाई, माज्याकडं एखादा भुकेनं गेला तर लोक काय म्हणतील? घर बंद पडंल. मग माज्या पोरीनं कुठं जायचं? दिवाळीपातूर बगू. न्हाई खाल्लं तर आईकडं धाडून देऊ.’

आई आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती पायरीवर बसून पदरानं मान पुसत होती. ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही.

‘ताई, त्यो ल्हान व्हता तवा कामावर जाताना मी त्याला बांधून जायची. लुगड्यानं. बाजंच्या पायाला. आता बांधला तर बाज घिऊन उठंल त्यो.’ मग म्हणाली, ‘आन् न्हाई बांधला तर हिरीकडं जाईल. आमच्या हिरीला कठडा न्हाई.’

मी तिला चहा दिला. पाव्हणा तिच्याशेजारी बसून बिस्किट चहात बुडवत होता, त्याला तेवढंच कळत होतं की आई आली आहे.

त्या दिवसांत मी इतकी थकले होते की कीवसुद्धा धड येत नव्हती. घरी जाऊन भाकरी करायचा कंटाळा यायचा, मी चिवडा खाऊन झोपायचे. उठल्यावर थकवा तसाच उशाशी. मनात यायचं, हे सोडावं, लेकीकडं जाऊन नातवाला सांभाळावं. मग दुसरं मन म्हणायचं, तिथंही आंघोळ घालणं आणि भरवणंच आहे, नुसतं माणूस लहान. त्या विचारानं हसू यायचं, आणि मी पुन्हा सकाळी रिक्षात बसून येड्यांच्या घराकडे चला म्हणायचे.

दसरा झाला आणि सगळीकडे सोयाबीनची काढणी लागली. आईला मजुरी बुडवून येणं शक्य नव्हतं. एक दिवस दुपारी तिनं शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून फोन लावला. ‘ताई, त्याचा एक फोटू टाका हितं. कसा दिसायलाय बगू द्या.’

पंगत बसलेली होती. पाव्हणा नेहमीच्या जागी, भाकरी आणि वरणापुढं, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, दिसतोय कसा हे बघून तिचा जीव आणखी खालीवर होणार, पण मागितलाय तर पाठवावा. मी मोबाईल समोर धरला.

त्यानं मान वर केली. पाठ आणखी ताठ केली, उजवा हात पुढं करून ताटाला नुसतं बोट लावलं, आणि सगळे दात दाखवून हसला. एवढ्या दिवसांत मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. मी बटण दाबलं. तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, ‘झालं?’

त्याला बोलता येतं हेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘झालं.’

आणि तो जेवायला लागला. भाकरी मोडली, वरणात कालवली, मान खाली घालून खात राहिला. मी खालांना हाक मारली, त्या पिठाचे हात घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी आणखी भाकरी आणली. ती त्यानं तशीच खाल्ली. एका ताटाला एक फोटो पुरत होता म्हणायचा.

मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला, पण तो वरणाचं भांडं रिकामं होईपर्यंतच टिकला. मग मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेरच्यांच्या जेवणाच्या दिवशी मी वाढपात गुंतलेली असायचे, पण तो तेव्हा का जेवायचा ते आता मला कळलं होतं. जिलेबीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी फोटो निघायचे.

बंद पडलेल्या संस्थेत कामाला असलेल्या एका बाईंचा नंबर मी मिळवला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तिथं रोज दोन्ही वेळच्या पंगतीचा फोटो काढायचे आणि देणगीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, म्हणाल्या. जेवण वेळेवर मिळतं, चांगलं मिळतं, याचा पुरावा म्हणून. ताटं भरलेली दिसली पाहिजेत, म्हणून फोटोच्या आधी कुणी हात लावायचा नाही. ‘आणि लावला तर?’ मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, ‘पट्टी होती ना, ताई.’ मला काखेत दाबून धरलेला हात आठवला. वीस-पंचवीस वर्षं असेल हे, फोनमध्ये कॅमेरे यायच्या आधी मोठा कॅमेरा असेल आणि ग्रुपऐवजी अल्बम असेल, पण ताटापुढं थांबणं तेच. आणि ती संस्था चांगली चालायची, असं सगळे सांगतात. फोटो बघून सांगत असतील.

मी हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, सुटलो म्हणाले. मग जरा विचार केला आणि म्हणाले, ‘पद्धत वाईट न्हाई पण, बाई. रोजचा फोटो टाकायचा. लोकांचा भरवसा बसतो. आपण बी करू की.’

त्यांच्यापुढं मी एरवी आवाज चढवत नाही, वयानं आणि मनानं मोठा माणूस आहे. त्या दिवशी म्हटलं, अप्पा, तुमच्या घरी तुम्ही घास घ्यायच्या आधी रोज कुणी मोबाईल घेऊन समोर उभं राहिलं तर चालेल का? ते म्हणाले, ‘मला कोण कशाला जेवू घालंल फुकट?’ त्यात त्यांचं चुकलं नव्हतं, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. मी म्हटलं, निदान एवढं तरी करू, बाहेरचे येतील तेव्हा आधी जेवण, फोटो नंतर. अप्पा म्हणाले, ‘लोक फोटोसाठीच येतेत, बाई. बगू.’ अप्पांचं ‘बगू’ मला चांगलं माहीत आहे. मोरीच्या फरशीचं ‘बगू’ अजून तसंच आहे.

पाव्हण्याचं घरी जाणं मात्र टळलं. नाडी पुन्हा सैल बांधायला लागले. पण दिवसातून दोनदा मोबाईल समोर धरायचा आणि त्यानं ते सगळे दात काढून हसायचं, हे माझ्याच्यानं बघवेना. ते हसू त्याचं नव्हतंच. मी ठरवलं, हे सोडवायचं. कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आधी काही दिवस फोटो काढायचे, मग नुसता मोबाईल धरायला लागले, बटण न दाबता. आवाज आला नाही म्हणून तो पहिल्यांदा बावरला, पण मी ‘झालं’ म्हटल्यावर जेवला. मग मोबाईल हातात उलटा धरला. मग मोबाईल नाहीच, नुसता हात वर. मध्येच एक आठवडा सगळं उलटं फिरलं, मी तापानं घरी होते आणि माझ्या जागी आलेल्या बाईनं कशाला कटकट म्हणून सरळ फोटो काढले. परत पहिल्यापासून. मी तिच्यावर चिडले नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावस्येला, त्याची आई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. मालकाच्या शेतातली मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यात आंबील. तोवर पाव्हणा फक्त ‘झालं’ या शब्दावर आला होता. तिनं त्याच्यापुढं वाढलं, त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, झालं. आईनं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. ‘माझ्या म्हणन्यानं न्हाई खायचा का त्यो?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, म्हणून बघा. ती म्हणाली, ‘झालं रं बाळा, खा.’ पण तोवर तो खायला लागला होता, म्हणून ते तसंच राहिलं.

त्याच्या पुढं मात्र काही सरकेना. ‘झालं’ म्हणणारं कुणीतरी लागायचंच. मी, खाला, दुसऱ्या पाळीची बाई. कुणी विसरलं की तो बसून राहायचा, वरणावर साय यायची. मी मनाशी म्हटलं, चला, एवढ्यावर थांबू. एका माणसानं जेवायच्या आधी एक शब्द मागितला तर जगात काही बिघडत नाही.

शिवरात्रीनंतर ऊन तापायला लागलं आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं जेवण ठरलं. कार्यकर्ते सकाळीच आले. शेडला बॅनर बांधला, आमच्या लोकांना नवीन टोप्या घातल्या. बाराच्या आत पंगत बसली, ताटं वाढून झाली. पुऱ्या, भाजी, भात, जिलेबी. साहेब निघाले आहेत, दहा मिनिटांत येतील, असं त्यांच्यातला मुख्य माणूस फोन कानाला लावून सांगत होता. ‘कुणी हात लावू नका, साहेबांच्या हातून पहिला घास आहे.’

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी माझी नजर चुकवली.

दहा मिनिटांत कुणी आलं नाही. पत्रा तापत होता. टोप्यांखालून घाम ओघळत होता, पुऱ्या चिवट होत चालल्या होत्या, जिलेबीवर माशा. आमची माणसं बसून होती. सगळीच. आणि सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते. मी एकेकाकडे बघत गेले. पट्टी आमच्याकडे कधीच नव्हती, तरी एवढ्या वर्षांच्या वाढदिवसांनी आम्हीही त्यांना हे शिकवलंच होतं. पाव्हण्याचं तेवढं माझ्या डोळ्यांवर आलं होतं. अप्पांची मुलगी मधोमध होती. तिची फिटची गोळी जेवणावर असते, तिची वेळ टळत होती. ती डुलायला लागली होती, अप्पा तिच्यामागे उभे राहून रुमालानं तिला वारा घालत होते.

मला बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण एवढा घोळका, बॅनर, अप्पांचा चेहरा, आणि मी सकाळपासून उपाशी. वाटलं, जाऊ दे, आणखी थोडा वेळ. एवढ्या वर्षांत एवढं बोलून काय झालं? मी तोंड मिटलं.

पाव्हणा माझ्या तोंडाकडेच बघत होता. गेले कित्येक महिने जेवणाच्या वेळी तो तिथंच बघतो. उघडलेलं बघितलं, मिटलेलं बघितलं. आणखी थोडा वेळ थांबला. मग ताटाकडे बघून आपला आपणच म्हणाला, ‘झालं.’

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मोठ्यानं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. त्यानं पुरी मोडली आणि खायला लागला. त्याच्या शेजारचा खायला लागला, मग त्याच्या पलीकडचा. अप्पांच्या मुलीनं जिलेबी उचलली.

‘अहो, अहो,’ मुख्य माणूस धावत आला. ‘ताई, थांबवा यांना. साहेब फाट्यावर आलेत. आता फोटो कशाचा काढायचा?’

मी काही बोलायच्या आत अप्पा पुढं झाले. हातात गोळीची पुडी होती. ‘साहेबांना म्हणावं सावकाश या,’ ते म्हणाले. ‘घाई न्हाई. जेवू द्या यांना.’ आणि मुलीशेजारी खाली बसून तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरायला लागले.

पुढं साहेब आले, त्यांनी रिकाम्या पंगतीत उभं राहून फोटो काढला, बॅनर सोडून नेला. त्या लोकांचं जेवण नंतर काही आलं नाही. दुसऱ्यांची येतात. त्यातले काही ऐकतात, काहींशी अजून वाद घालावा लागतो, आणि अप्पा अजूनही कधी कधी ‘बगू’ म्हणतात.

पण त्या दिवशी साहेब यायच्या आधी मी पाव्हण्याशेजारी सतरंजीवर बसले होते. बसले म्हणजे गुडघे जेवढे वाकले तेवढी. आम्ही बाया नेहमी सगळ्यांचं उरकल्यावर, भांडी पडल्यावर, गार झालेलं जेवतो. खालांनी माझ्याकडे बघितलं आणि न विचारता ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. भूक इतकी लागली होती की मी लगेच पुरी मोडली. मी पाव्हण्याकडे बघितलं. तो मान खाली घालून भात कालवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्यासाठी थांबला नाही, आणि मला त्याचंच बरं वाटलं.